बेलओढ्याच्या पुलावर नाथाजी खबाले प्यालेले नव्हते

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हा कचेरी, सांगली.

अर्जदार : अर्जुना ज्ञानू हुबाले, वय ६२, आगगाडीचा निवृत्त ड्रायव्हर, रा. चिंचणवाडी, जि. सांगली.

विषय : बेलओढा आगगाडी अपघाताचा खेळ पुन्हा होऊ न देणे, तेथील शिळेवरचा मजकूर काढून टाकणे, आणि अर्जदाराने चाळीस वर्षांपूर्वी दिलेली खोटी जबानी रद्द करून खरी जबानी लिहून घेणे याबाबत.

संदर्भ : १) बेलओढा अपघात स्मृती समितीची निमंत्रणपत्रिका, जीत आपले नाव प्रमुख पाहुणे म्हणून छापले आहे.
२) अर्जदाराची दि. १२ ऑक्टोबर १९३४ ची जबानी.

महोदय,

१. येत्या रविवारी, दि. १ डिसेंबर १९७४ रोजी सकाळी दहा वाजता, बेलओढ्याच्या जुन्या पुलाजवळ आपल्या हस्ते एका काळ्या शिळेचे अनावरण व्हायचे आहे. शिळेवर कोरले आहे : "दारूच्या नशेत गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हर नाथाजी खबाले याच्यामुळे दि. ९ ऑक्टोबर १९३४ रोजी येथे आगगाडी कोसळली. यापासून सर्वांनी धडा घ्यावा." सदर मजकूर धादांत खोटा आहे. तो खोटा आहे हे परवापरवापर्यंत जिवंत माणसांत एकट्या अर्जदाराला ठाऊक होते, कारण ते खोटे त्यानेच सांगितले होते. साहेबांनी शिळेवरचा पडदा ओढण्याआधी पुढील हकिकत वाचावी, एवढ्यासाठी हा अर्ज. अर्जदाराच्या तोंडून ऐकून तो विश्रामबाग येथील निवृत्त शिक्षक बाहुबली देवाप्पा मगदूम यांनी लिहिला आहे. कचेरीच्या भाषेत न बसणारी काही वाक्ये अर्जदाराने गाळू दिली नाहीत, त्यास इलाज नाही.

२. सन १९३४ साली अर्जदार बावीस वर्षांचा होता आणि छोट्या लाईनवर बदली फायरमन होता. बदली म्हणजे बोलावतील त्या दिवशी काम, एरवी घरी. ज्या इंजिनावर त्याला घेतले जाई त्याचे ड्रायव्हर नाथाजी विठू खबाले, मूळ पाटण तालुक्यातले, वय अडतीस. माणूस उंच, बोलायला कमी, आणि सुपारीचे खांडदेखील तोंडात न टाकणारा. इंजिनावर चढण्याआधी ते पायताण झटकून चढत. अर्जदाराला फावडे कसे धरावे हे त्यांनी शिकवले, आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी मोडून दिली, आणि चुकले तर "आरं गड्या, आग काय ढोर हाय व्हय, नुसती वैरण टाकतोयास?" याहून वाईट शब्द कधी काढला नाही.

३. त्या साली हस्ताच्या पावसाने सहा दिवस उघडीप दिली नव्हती. दि. ९ रोजी सकाळी साडेपाचच्या सुमारास गाडी पुलाअलीकडच्या स्टेशनात उभी असता पुलाकडचा गँगमन गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आला आणि म्हणाला, "मास्तर, भराव खचाय लागलाय. गाडी सोडू नका." नाथाजी मास्तरांच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले आणि गाडी नेणार नाही असे स्वच्छ बोलले. अर्जदार दारात होता, त्याने कानांनी ऐकले. मास्तरांनी तारेने वर विचारले. वरून उत्तर आले की गाडी आधीच दोन तास मागे आहे, ताबडतोब रवाना करा. तेव्हा नाथाजी म्हणाले, "मग मी चालीनं नेतो. पुलाच्या अलीकडं थांबवून, उतरून, डोळ्यानं बघून मगच पुढं." आणि तशीच नेली. शेजारच्या वाटेने जाणारा माणूस गाडीबरोबर धावू शकला असता, एवढाच वेग होता.

परंतु गँगमन निघून आला तेवढ्या वेळात भराव आणखी दोनशे हात अलीकडे वाहून गेला होता. वळण संपले आणि पुढे नुसते रूळ होते, त्यांच्याखाली जमीन नव्हती. नाथाजींनी ब्रेक टाकला, इंजिन उलटे फिरवले, चाके घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू सोडली. उतार होता, रूळ ओले होते. चाके मागे फिरत होती आणि गाडी पुढे घसरत होती. त्यांनी अर्जदाराकडे न बघता सांगितले, "अर्जुना, उडी टाक."

अर्जदार म्हणाला, "आन तुमी वो?"

"मी हात काढला तर मागचं समदं खाली येतंय. जा म्हणतो न्हवं!"

आणि डाव्या हाताने त्यांनी अर्जदाराला दारातून बाहेर लोटले. अर्जदार घाणेरीच्या जाळीत पडला. इंजिन, त्यामागचा कोळशाचा टेंडर आणि सामानाचा डबा ओढ्यात गेले. उतारूंच्या पहिल्या डब्याची पुढची चाके भरावाच्या काठावर येऊन थांबली. मागे तीनशेवर माणसे होती, त्यांतले एकही दगावले नाही. मेले ते एकटे नाथाजी. दुपारी पाणी ओसरल्यावर अर्जदार आणि गँगमन खाली उतरले. वाफेने भाजलेल्या माणसाचे वर्णन करून साहेबांचे जेवण नासवण्याची अर्जदाराची इच्छा नाही. नमूद करणे एवढेच की त्यांचा उजवा हात ब्रेकच्या दांड्यावरून एकेक बोट करून सोडवावा लागला, आणि ती बोटे अर्जदाराने सोडवली.

४. तीन दिवसांनी, म्हणजे ज्या हाताने ती बोटे सोडवली तो हात अजून सोललेला असताना, अर्जदाराला चौकशीसाठी बोलावले. त्या वेळच्या कंपनीचा एक साहेब खुर्चीत होता. त्याने अर्जदाराला एक अक्षर विचारले नाही. कारकुनाने जबानी आधीच लिहून ठेवली होती : ड्रायव्हर दारू प्यालेला होता, तोंडाला वास येत होता, गाडी बेफाम सोडली, फायरमनने विनवले तरी ऐकले नाही. अर्जदार म्हणाला, "असं न्हाई झालं." कारकून म्हणाला, "मग कसं झालं? तू पण गाडीवर होतास. दोघांची चूक लिहू? मेलेल्याला तुरुंग नाही, तुला आहे. सही कर, पुढच्या महिन्यात कायम होशील." गँगमनची बदली त्याआधीच दूर कुठे तरी झाली होती. वरून आलेली तार कुणाला सापडत नव्हती.

अर्जदाराने सही केली. त्याला कुणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही. अर्ध्या तासात काम झाले, आणि बाहेर आल्यावर त्याने चहा घेतला. तो चहा गोड लागला होता हे अर्जदार चाळीस वर्षे विसरलेला नाही. पुढच्या महिन्यात तो कायम झाला. काही वर्षांनी ड्रायव्हर झाला आणि नाथाजी बसत त्या जागेवर बसून त्याने सन १९७० पर्यंत नोकरी केली. गावात त्याला मान आहे. लग्नाच्या याद्या करताना लोक त्याला बोलावतात. हे सर्व आठवले की अर्जदाराला आपल्याच अंगाचा वास येतो.

५. नाथाजींची पत्नी रंगूबाई यांना आठ दिवसांत क्वार्टर सोडायला लावले. पदरी सहा वर्षांची मुलगी अंजना. निघण्याआधी रंगूबाई अर्जदाराच्या दारात आल्या आणि उभ्याउभ्याच विचारले, "भाऊजी, तुमी संगट हुता. समदी म्हणत्यात ते पिलं हुतं. खरं हाय?" अर्जदार खाली बघत म्हणाला, "वैनी, आता जाऊ द्या की." रंगूबाईंनी त्यातून जे समजायचे ते समजून घेतले आणि पोरीला घेऊन पाटणकडे निघून गेल्या.

६. आता चालू प्रकरण. मोठी लाईन झाली तेव्हा रस्ता थोडा बाजूला सरकला, आणि बेलओढ्याचा जुना पूल, त्याच्या अलीकडचे फर्लांगभर रूळ तसेच राहिले. यंदा अपघाताला चाळीस वर्षे होतात म्हणून चिंचणवाडीचे नानासो शिंगटे यांनी स्मृती समिती काढली. नानासो तालुक्याचे पुढारी आहेत, उत्साही आहेत, आणि गर्दी जमली नाही तर आजारी पडतात. त्यांनी एका कारखान्याच्या सायडिंगवर गंजत पडलेले छोट्या लाईनचे इंजिन आणि भंगारातले दोन डबे आणवले. अपघात जसा झाला तसा लोकांना करून दाखवायचा, खरे इंजिन खऱ्या ओढ्यात घालायचे, आणि ड्रायव्हरची आठवण जागवायची, असे त्यांनी सांगितले. इंजिन पेटवायला मात्र माणूस मिळेना. ते अर्जदाराकडे आले, पाया पडले आणि म्हणाले, "मामा, त्या गाडीवरचं आता तुमीच एकलं ऱ्हायलायसा. तुमच्याबिगर हे हुयाचं न्हाई."

अर्जदाराला आनंद झाला. हे लिहिताना शरम वाटते, पण झाला. नाथाजींचे नाव चाळीस वर्षांनी का होईना कुणी तरी घेते आहे, आपल्या हातून थोडे तरी फिटेल, असे त्याच्या भाबड्या मनाला वाटले. महिनाभर तो त्या इंजिनाशी झटला. नळ्या साफ केल्या, सांधे भरले, गंज खरवडला. पहिल्यांदा वाफ धरली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

७. खेळाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. नाथाजींचे सोंग करायला तमाशातले सोंगाडे लालासाहेब आले होते. त्यांच्या नाकाला लाल रंग, खिशात बाटली. इंजिनावर चढताना ते तीनदा घसरले, धोतर सुटले, इंजिनाला म्हैस समजून त्याची धार काढू लागले. समितीची मंडळी पोट धरून हसत होती. अर्जदाराने नानासोंना बाजूला घेतले आणि म्हणाला, "आवं, हे काय चालवलंय? नाथाजी असलं माणूस न्हवतं."

नानासोंनी पिशवीतून एक पिवळा कागद काढला. कुणाच्या तरी जुन्या दप्तरात त्यांना तो सापडला होता. ते म्हणाले, "मामा, हे आमी आमच्या मनचं घातलेलं न्हाई. ही तुमचीच जबानी. ही तुमचीच सही. समदा खेळ तुमच्या सहीवर उभा हाय. आन हे दारूबंदीच्या प्रचारात बसतंय, म्हणून तर वरनं परवानगी लगेच मिळाली."

त्या वेळी तोंड उघडायचे होते. उघडले नाही. कागद खोटा म्हटले तर खोटे सांगणारा कोण हे ओघानेच आले असते, आणि भोवती सगळा गाव उभा होता. अर्जदाराने कागद घडी करून परत दिला आणि बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते बघायला गेला.

८. दि. ९ ऑक्टोबर रोजी खेळ झाला. साताऱ्यापासून मिरजेपर्यंतची माणसे आली, झाडे माणसांनी वाकली होती. भज्यांच्या गाड्या, पाळणे, लाऊडस्पीकर. ओढ्यातल्या दगडांवर मेंढरांचे रक्त दोन घागरी ओतून ठेवले होते, त्यावर माशा बसल्या होत्या. लालासाहेबांनी आपले सोंग केले आणि उडी टाकली. त्यांच्या जागी पेंढ्याचा ड्रायव्हर बसवला, हातात बाटली बांधून. ठरल्याप्रमाणे अर्जदाराने वाफेचा दांडा ओढला आणि पायरीवरून खाली उतरला. म्हणजे नाथाजींना दुसऱ्यांदा ओढ्यात घालणारा हात अर्जदाराचाच, आणि या खेपेला त्याला कुणी लोटले नव्हते.

इंजिन कोसळले. वाफेचा लोट उठला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. नंतर पोरे-बाप्ये ओढ्यात उतरले, पेंढ्याचा ड्रायव्हर वर काढला आणि त्याचा पेंढा घरी न्यायला म्हणून उपटू लागले. एकाने त्याचे मुंडके काठीला लावून त्याच्या तोंडात विडी दिली. शेजारीच समितीची मटणाची पंगत बसली होती. एक गृहस्थ हाडूक चोखत अर्जदाराला म्हणाले, "मामा, लय झ्याक! अगदी खऱ्यासारखं!" साहेब, अर्जदाराने आयुष्यात गाडीखाली सापडलेली गुरे पाहिली आहेत, माणसेही पाहिली आहेत. त्या दिवशीच्या त्या पंगतीइतकी शिसारी त्याला कशाची आली नाही. आणि त्या पंगतीत त्याचेही पान मांडलेले होते.

९. समितीच्या व्यासपीठावर एक बाई बसली होती, हातात साडीचोळी आणि नारळ. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून ती खाली बघत होती. खेळ संपल्यावर ती गर्दीतून वाट काढत अर्जदाराजवळ आली. म्हणाली, "मी अंजना. नाथाजी खबाल्यांची लेक. सत्कार हाय म्हणून बोलावलं, म्हणून आल्ते." मग म्हणाली, "मामा, तुमी गाडीवर हुता. आसाच हुता का वो माझा बा?"

तिची आई विचारून गेली त्याला चाळीस वर्षे झाली होती. तोच प्रश्न, तसाच पदर धरून. अर्जदार म्हणाला, "पोरी, लय वर्सं झाली. आता काय बी आठवत न्हाई बघ."

ती "बरं" म्हणाली. नारळ तिथेच बाकावर ठेवला आणि एस.टी.च्या रस्त्याला लागली. अर्जदार घरी आला.

१०. एवढ्यावर संपते तर अर्जदार, स्वभावाप्रमाणे, गप्प बसून मेला असता. पण दिवाळीनंतर नानासो पुन्हा आले. लोकांची फार मागणी आहे, इंजिन क्रेनने वर काढले आहे, दि. १ डिसेंबरला ट्रॅक्टरने ओढून पुन्हा एकदा ओढ्यात घालायचे ठरले आहे. या खेपेला कलेक्टरसाहेब येणार, शिळेचे अनावरण करणार. अर्जदाराने लाऊडस्पीकरवर उभे राहून "होय, ड्रायव्हर प्यालेला होता, मी डोळ्यांनी पाहिले" असे सांगायचे. आणि त्यानंतर दारुड्याची मुलगी म्हणून अंजनाबाईंनी सर्वांसमक्ष दारूची बाटली ओढ्यात रिकामी करायची. नानासो म्हणाले, "लोकांच्या काळजाला भिडलं पायजे, मामा. बाई रडली तर लयच ब्येस."

त्यांच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. त्यांना खरोखरच ते छान वाटत होते. अर्जदाराला त्या घटकेला त्यांची किळस आली, आणि मग ध्यानात आले की ही सारी घाण ज्याच्या पोटातून आली तो इसम त्यांच्यासमोर बाजेवर बसलेला आहे.

११. दुसऱ्या दिवशी, दि. २३ नोव्हेंबर रोजी, अर्जदार एस.टी.ने पाटणला गेला. अंजनाबाई एका शाळेत पाणी भरायच्या कामाला आहेत. भूकंपात पडलेल्या घराच्या दोन खोल्या त्यांनी पुन्हा उभ्या केल्या आहेत. अर्जदाराने उंबऱ्याच्या बाहेर बसूनच सर्व सांगितले. गँगमन, मास्तर, तार, उतार, वाळू, डाव्या हाताचा धक्का, आणि मग सही. सांगताना स्वतःच्या बाजूचे एकही वाक्य घातले नाही.

अंजनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी आई एकसष्ट साली गेली. घरात बाचा एकच फोटू हुता. तिनं तो कवाच भिंतीला लावला न्हाई. ट्रंकंत उलथा घालून ठेवला. मी लहानपणी काढून बघितला तर मारायची. म्हणायची, तीनशे माणसं मारीत हुता त्यो."

अर्जदार म्हणाला, "तीनशे वाचवली पोरी त्यानं."

"हे तिला सांगायला पायजे हुतं."

अर्जदाराने पाय धरायला हात पुढे केला. त्यांनी सूप मध्ये धरले आणि म्हणाल्या, "माफी मागू नका. मला कुठनं जमायचं ते? जिला जमलं असतं ती न्हाई आता. तुमी हे कागदावर लिव्हा. त्यांनी लिव्हून घेतलं तवा लिव्हलं न्हवं? मग आता माझ्यासमोर लिव्हा." आणि आत जाऊन त्यांनी लुगडे बदलले आणि ट्रंकेतला फोटो पदरात घेतला.

१२. सोमवारी, दि. २५ रोजी, दोघे नानासोंच्या दारात गेले. अर्जदाराने चारचौघांत सांगितले की जबानी खोटी आहे. नानासोंनी पिवळा कागद काढून सही पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "मामा, खरं असंल बी. पण शिळा कोरून झाली, पत्रिका वाटून झाल्या. आन ह्यातनं लोकांस्नी चांगलाच धडा मिळतोय की. मेलेल्या माणसाला आता काय फरक पडतोय?"

अंजनाबाई म्हणाल्या, "मला पडतोय." एवढे बोलून त्या उठल्या, पुलापाशी चालत गेल्या, चौथऱ्यावर आडव्या बसवलेल्या शिळेवरचे फडके बाजूला केले आणि बापाच्या नावावर बसल्या.

आज तिसरा दिवस. त्या तिथून हललेल्या नाहीत. समितीच्या मंडळींनी आधी समजूत घातली, मग आवाज चढवले. "बाई, उठा, न्हाईतर उचलून न्यावं लागंल," असे एक जण म्हणाला तेव्हा त्या म्हणाल्या, "उचल. पर आदी ह्यो मजकूर मोठ्यानं वाच, आन मग माझ्याकडं बघ." तो वाचू शकला नाही. चिंचणवाडीच्या बायका कालपासून भाकरी आणून देत आहेत. लालासाहेब सोंगाडेही येऊन गेले. नाकाला रंग नव्हता, मान खाली होती. "बाई, मला ठावं न्हवतं," म्हणाले, आणि रविवारी येणार नाही असे समितीला कळवून गेले. अर्जदार शिळेपासून चार हातांवर बसून आहे. त्यांनी त्याला जवळ बसायला सांगितलेले नाही.

१३. तरी विनंती की :

अ) दि. १ डिसेंबरच्या खेळास परवानगी देऊ नये. इंजिन आहे तिथे राहू द्यावे.

ब) अर्जदाराची दि. १२ ऑक्टोबर १९३४ ची जबानी खोटी म्हणून रद्द करावी आणि परिच्छेद ३ मधील हकिकत शपथेवर नोंदवून घ्यावी. खोटी साक्ष दिल्याबद्दल जो काही कायदा असेल तो अर्जदारास लावावा. वय झाले, तब्येत बरी नाही, असले कारण तो पुढे करणार नाही.

क) शिळेवरील मजकूर छिन्नीने काढावा. त्याजागी काय कोरावे हे अंजनाबाईंना विचारले असता त्या म्हणाल्या की मोठे काही नको, "हात काढला नाही" एवढे पुरे. बाहुबली गुरुजींचे म्हणणे की याने वाचणाऱ्याला बोध होणार नाही, नाव, तारीख, थोडी माहिती हवी. अंजनाबाई म्हणाल्या, "ज्याला कळायचं न्हाई त्यो विचारील. मग सांगायला माणसं ठेवा."

ड) ते सांगायला माणूस म्हणून अर्जदार तयार आहे. हात-पाय चालतात तोवर येईल त्याला तो सांगेल, स्वतःच्या सहीसकट.

१४. साहेबांनी रविवारी यावे, अशीच सर्वांची इच्छा आहे. मात्र मजकूर तसाच राहिला तर पडदा ओढण्याआधी साहेबांना एका बाईला शिळेवरून उठवावे लागेल. ती उठणार नाही, हे साहेबांना आधी माहीत असावे. हा अर्ज तिच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवला आहे. तिने दोन ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावले, आणि परिच्छेद ४ मधला चहा खोडू दिला नाही.

आपला नम्र असे लिहिण्याची ज्याने लायकी ठेवली नाही, तो

(सही) अर्जुना ज्ञानू हुबाले

बेलओढा, जुन्या पुलाजवळ
दि. २७ नोव्हेंबर १९७४

अर्ज लिहिणार : बाहुबली देवाप्पा मगदूम, विश्रामबाग, सांगली

सोबत :
१) समितीची निमंत्रणपत्रिका.
२) दि. १२ ऑक्टोबर १९३४ च्या जबानीची नक्कल. त्यावर अर्जदाराने आज "हे खोटे आहे" असे लिहून सही केली आहे.
३) फोटो जोडलेला नाही. तो अंजनाबाईंनी शिळेला टेकून उभा केला आहे, आणि तिथून हलवायला त्या तयार नाहीत. साहेबांनी येऊन पाहावा.

माझ्यासमोर लिहिले, माझ्यासमोर सही केली. (अर्ज लिहिणाऱ्याची नोंद : बाईंनी प्रथम सासरचे नाव लिहिले होते, ते स्वतः खोडून पुढीलप्रमाणे सही केली आहे.)

(सही) अंजना नाथाजी खबाले